घाईचे शब्द

कोकिळा, माझी बायको, वर्ध्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची. संध्याकाळी बोरगाव मेघेच्या आमच्या घरी, ओसरीवर, दहावीच्या मुलींची शिकवणी घ्यायची. मी वीज मंडळात लाइनमन होतो. दहावीला इंग्रजीतच नापास झालो आणि परत बसलो नाही. ओसरी आणि आतली खोली यांच्यामध्ये एक खिडकी आहे. त्या खिडकीशी माझी खुर्ची. मला जेवढं इंग्रजी येतं तेवढं त्या खिडकीतून आत आलेलं आहे.

तिचा एक धडा दर वर्षी ठरलेला होता. पुस्तकात तो तसा नव्हता, तिनंच बसवला होता. घाईचे शब्द. ती म्हणायची, आपल्या मुली निबंधात एकच हरी हरी करत बसतात, आणि इंग्रजीत घाईला एक शब्द नाही. हरी म्हटलं की मुली हसायच्या, कारण आमच्या गल्लीत हरी नावाचा दूधवाला होता आणि तो कधीच वेळेवर यायचा नाही. मुलींचं हसणं थांबेपर्यंत ती वाट पाहायची. मग एकेक शब्द उभं राहून करून दाखवायची. हरी म्हणजे बस सुटेल म्हणून आपण स्वतः पाय उचलतो ते. डॅश म्हणजे शिंतोडे आले की दोरीवरचे कपडे आणायला एकदम पळतो ते, थोडंसंच अंतर. स्करी म्हणजे उंदरासारखं बारीक पावलांनी तुरुतुरु जाणं. हे ती ओसरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत करायची आणि मग मुलींकडूनही करून घ्यायची. प्रॉम्प्ट चांगला शब्द, वेळच्या वेळी काम करणाऱ्याला लागतो. हेसन म्हणजे घाई करणं, त्यातला मधला टी लिहायचा, बोलताना गिळायचा.

रश आणि हेस्ट या दोन शब्दांना ती खाली बसायची. रशमध्ये धक्का असतो, म्हणायची. दवाखान्यात नेताना पेशंटला रश करतात, ते ठीक आहे. पण एखाद्याला विचार करायला वेळच द्यायचा नाही, मागून ढकलत राहायचं, त्यालाही रश करणंच म्हणतात. आणि हेस्ट म्हणजे विचार न करता केलेली घाई. तो शब्द बोलण्यात कमी येतो. लोक तो मागाहून वापरतात, झाल्यावर.

एकदा धडा चालू असताना मी ड्यूटीवरून आलो, चपला काढल्या, पाय धुतले, आणि आत जायला लागलो. एका मुलीनं विचारलं, मॅडम, सर चालले त्याला काय म्हणायचं. कोकिळा म्हणाली, ह्यांचा शब्द पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमात आहे. त्या दिवशी शिकवणी लवकर सुटली, कारण मुलींचं हसू आवरेना.

मी हळू होतो हे खरं आहे. कामानं मला तसं केलं. लाइन गेली की लोक फोनवर फोन करायचे, लवकर या, लवकर या. पण सबस्टेशनमधून लाइन बंद झाल्याचं सांगितल्याशिवाय खांबाला हात लावायचा नाही आणि एकट्यानं वर चढायचं नाही, खाली दुसरा माणूस उभा पाहिजे. हे दोन नियम ज्यांनी घाईत सोडले त्यातले काही माझ्या ओळखीचे होते. मी नोकरीभर ते पाळले आणि धडधाकट निवृत्त झालो. घरी मात्र कोकिळा वैतागायची. बाजाराला निघायचं असलं की ती फाटकात उभी आणि मी अजून कुलूप शोधतोय. तुमाले कशाचीच घाई कशी नाई, म्हणायची.

श्रावणात तिला ताप आला. घटक चाचणीचे पेपर तपासत बसली होती, तपासून संपवते मग जाते डॉक्टरकडे म्हणाली. दोन दिवसांनी दवाखान्यात नेलं, आणि तिथून ती घरी आली नाही. भेटायला येणारे सगळे तेच म्हणाले, मॅडमनी जायची फार घाई केली. मला त्या वाक्याचा राग यायचा. तिनं कोणतीच घाई केली नव्हती. उलट ती थांबली होती, पेपर संपेपर्यंत.

तेरवीच्या दिवशी पंगती उठल्या, मोठी भांडी अंगणात घासणं चालू होतं, तेव्हा माझी मोठी बहीण यशोदाबाई माझ्याजवळ येऊन बसली. आमच्यात एक रीत आहे. घरातलं कर्तं माणूस गेलं तर पोरीचं लग्न वर्षाच्या आत करावं. ते जमलं नाही तर पुढं तीन वर्षं करू नये. मोहिनी, माझी एकुलती एक मुलगी, तेव्हा बी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होती.

"वासुदेवा, पोरीचं वर्षाच्या आत पाहा लागते," यशोदाबाई म्हणाली. "तीन वर्षं थांबशील तर मंग कोण करते तिले?"

मी म्हटलं, ती शिकून राह्यली आहे. यशोदाबाई म्हणाली, शिकू दे की, कोण नाही म्हणते, लग्न झालेल्या पोरी शिकत नाही का. ती वाईट बोलत नव्हती. तिला माझ्या घरातली चूल दिसत होती, आणि ती चूल कोण पेटवणार याची काळजी होती. मुलगी सासरी गेल्यावर ती कोण पेटवणार हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. तिलाही सुचला नसावा.

मुलगा शोधावा लागला नाही. प्रभाकरराव, म्हणजे कोकिळाचा भाऊ, मोहिनीचा मामा, त्याच्या पाहण्यात हिंगणघाटचं एक स्थळ आधीपासून होतं. आदेश नाव. समुद्रपूर तालुक्यात कृषी सहायक. घरी शेती, वडील अण्णाजी, आई विमलाबाई. कोकिळानं त्याला उन्हाळ्यात एका लग्नात पाहिलं होतं आणि घरी येऊन मला सांगितलं होतं की मुलगा चांगला आहे, पण मोहिनीचं बी.एड. होऊ द्या, मग बोलू. म्हणजे दोन गोष्टी सांगितल्या होत्या. सगळ्यांनी त्यातली पहिली धरली.

दिवाळीनंतर ते लोक बघायला आले. चहापोहे झाल्यावर मोहिनी आणि आदेश मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली बोलत उभे राहिले, आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा दोघं हसत होते. त्याची एक चुलत बहीण कोकिळाकडे शिकवणीला होती म्हणे, आणि तुमची आई सगळ्यांना उंदरासारखं चालायला लावायची हे खरं का, असं त्यानं विचारलं होतं. आई गेल्यापासून मोहिनीला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मला तो मुलगा तिथंच आवडला.

जानेवारीत साक्षगंध झालं. आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. त्यांनी मोहिनीला साडी आणि अंगठी दिली, आम्ही मुलाला कपडे केले. मी एकटा असल्यामुळे विधीला प्रभाकरराव आणि त्याची बायको जोडीनं बसले. मी बाजूच्या खुर्चीवर होतो. लग्न जूनमध्ये करायचं असं तोंडी ठरलं. तोवर मोहिनीची परीक्षा होईल आणि वर्षही उलटलेलं नसेल, असा सगळ्यांचा हिशेब होता.

मग कोणीतरी पंचांग उघडलं. त्या वर्षी धोंड्याचा महिना आला होता, तोही नेमका उन्हाळ्यात, मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. त्या महिन्यात लग्न करत नाहीत. त्याच्यानंतरच्या तारखा होत्या, पण तोवर पेरणी तोंडावर येते आणि अण्णाजींचं घर शेतीवालं. ते म्हणाले, आमची माणसं वावरात असतील, मांडवात कोण येईल. म्हणून लग्न मागं ओढलं, धोंड्याच्या आधी, मेच्या सुरुवातीला. थोड्या दिवसांनी विद्यापीठाचं वेळापत्रक आलं. मोहिनीचे शेवटचे पेपर त्याच आठवड्यात होते.

प्रभाकररावनं मला विचारलं, काय करायचं भाऊजी. यशोदाबाईनं परस्पर उत्तर दिलं की पेपर काय पुढच्या वर्षी देता येतात. मोहिनी तिथंच होती. ती काही बोलली नाही, आणि आमच्या घरात न बोलणं म्हणजे होकार धरतात.

आई गेल्यावर शिकवणी मोहिनीनं चालू ठेवली होती. होळीनंतर नवीन मुली बसल्या. त्यात रीता नावाची एक होती, पिपरी मेघेवरून सायकलीनं यायची. हुशार आणि जिभेला हाड नाही. एका संध्याकाळी मी खिडकीशी लसूण सोलत बसलो होतो आणि बाहेर मोहिनीनं तो धडा काढला. घाईचे शब्द. सगळं तिच्या आईसारखंच, त्याच क्रमानं. दूधवाला हरी आता येत नाही, त्यामुळे पहिल्या शब्दाला कोणी हसलं नाही. उंदराची चाल मोहिनीनं करून दाखवली नाही, नुसती सांगितली. रश आणि हेस्टला ती खाली बसली.

रीतानं विचारलं, "ताई, तुमच्या लग्नाले यातला कोणता शब्द?"

मुली खिदळल्या. एकीनं तिला चूप म्हटलं. मला वाटलं मोहिनी रागवेल किंवा विषय बदलेल.

"हरी आपण करतो," मोहिनी म्हणाली. "मी काही केली नाई. हे रश आहे. पुढचं लिहा."

तिचा आवाज नेहमीचाच होता. मुलींनी लिहून घेतलं. मी लसूण सोलायचा थांबलो.

शिकवणी सुटल्यावर ती आत आली, कुकर लावला, आणि मी तिला विचारलं. मला गोल फिरवून विचारता येत नाही. म्हटलं, मोहिनी, तुले हे लग्न करायचं नाही का. तिनं माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे बघितलं, आणि तिला कळलं मी काय ऐकलं ते.

"करायचं आहे, बाबा," ती म्हणाली. "त्याच्याशीच करायचं आहे. पेपर झाल्यावर करायचं आहे. एवढंच."

मग ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली की आईचं म्हणणंही तेच होतं. पुढच्या वर्षी पेपर देता येतात असं आत्या म्हणते, पण सासरी गेल्यावर पहिल्या वर्षी कोण पुस्तक हातात घेऊ देते. आदेश घेऊ देईल. पण घर त्याच्या एकट्याचं नाही.

मी तिला म्हटलं, मी बोलतो त्यांच्याशी. ती म्हणाली, मामाले येऊ द्या. प्रभाकरराव कामानं नागपूरला गेला होता, दोन दिवसांनी येणार होता. मी हो म्हटलं.

रात्री मला झोप लागली नाही असं नाही, लागली. पण सकाळी उठल्यावर मला आठवलं की आज अण्णाजी पत्रिका छापायला टाकणार आहेत. एकदा पत्रिका छापल्या की तारीख पक्की, मग कोणी हलवत नाही. मला वाटलं, मामा येईपर्यंत थांबलो तर उशीर होईल. आणि मला कोकिळाचं बोलणं आठवलं, तुमाले कशाचीच घाई कशी नाई. ती असती तर थांबली नसती असं मला वाटलं. मी मोहिनीला सांगितलं की वावराकडे जाऊन येतो, आणि मोटारसायकल काढून हिंगणघाटच्या रस्त्याला लागलो. वायगावला थांबून चहा घ्यावा असं मनात आलं होतं. तोही घेतला नाही.

आता जी गोष्ट सांगायची ती आमच्या लोकांना सांगावी लागत नाही. साक्षगंध झाल्यावर मुलीचा बाप मुलाच्या घरी एकटा जात नाही. तारखेचं बोलायचं असो की देण्याघेण्याचं, मध्यस्थ सोबत पाहिजे. आधी निरोप पाहिजे. हातात काहीतरी पाहिजे, पेढे नाहीतर फळं तरी. न सांगता, एकटा, रिकाम्या हातानं मुलीचा बाप दारात उभा राहिला तर त्याचा एकच अर्थ होतो. तो सोयरीक मोडायला आला. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या स्वतःच्या चुलत बहिणीची सोयरीक अशीच मोडली होती आणि तिचे वडील असेच गेले होते. पण मी मोडायला चाललो नव्हतो, म्हणून ती रीत मला लागू होते हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्यांच्या अंगणात त्या दिवशी पापड लाटणं चालू होतं. लग्नघरचे पापड. आळीतल्या आठदहा बाया बसलेल्या, गाणं म्हणत होत्या. मी फाटक उघडलं आणि गाणं बंद झालं.

अण्णाजी बाहेर आले. माझ्या मागं बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं.

"एकटेच?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, प्रभाकरराव नागपूरले गेले. त्यांनी मला आत बोलावलं नाही, तिथंच पडवीत खुर्ची दिली. विमलाबाईनं पाणी आणलं. तिच्या हाताला पापडाचं पीठ होतं. पाणी ठेवून ती आत गेली नाही, दारात उभी राहिली. मला तेव्हाच उठून, सहज आलतो, या बाजूला काम होतं, असं म्हणून निघता आलं असतं. पण मी बोललो. सगळ्या बायांच्या देखत बोललो. म्हटलं, तारीख पुढं न्यायची आहे. मोहिनीचे पेपर आहेत. पत्रिका थांबवा.

अण्णाजींनी एकदा बायांकडे बघितलं. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, आमच्यात काही कमी दिसलं का. मी म्हटलं, नाही, तसं काही नाही. पोरात काही दिसलं? नाही. मग आमच्याबद्दल कोणी काही सांगितलं? मी पुन्हा नाही म्हटलं, आणि जितक्या वेळा नाही म्हटलं तितकं ते खोटं वाटत गेलं. कारण खरं कारण पेपर आहे यावर अंगणात कोणाचाच विश्वास नव्हता. पेपरसाठी कोणी लग्न थांबवत नाही.

विमलाबाई दारातून म्हणाली, "मोडायचं होतं तं साक्षगंधाच्या आधी मोडाचं होतं, भाऊ. आता माह्या पोराले लोक काय म्हणतीन?"

मी म्हटलं, मोडायचं नाही, बाई. बायांपैकी एक उठून बाहेर गेली. ती कुठे आणि कशाला गेली हे सगळ्यांना कळलं, मलाही. अण्णाजींनी मला चहा विचारला नाही. ते म्हणाले, पाणी प्या अन् निघा, प्रभाकररावले पाठवजा. मी पाणी प्यायलो. आदेश ड्यूटीवर होता, तो भेटला नाही.

परत येताना मी मोटारसायकल सावकाश चालवली.

दोन दिवसांनी प्रभाकरराव नागपूरहून आला आणि स्टेशनवरून तसाच हिंगणघाटला गेला. तोवर गावात झालं होतं, मुलीकडच्यांनी मोडली. कोणी म्हणे मुलात खोट निघाली, कोणी म्हणे मुलीचंच दुसरीकडे होतं. विमलाबाई दोन दिवस जेवली नव्हती म्हणे. अण्णाजींनी प्रभाकररावचा मान ठेवला, चहा दिला, जेवू घातलं. आणि निघताना आम्ही आदेशला केलेले कपडे घडी करून त्याच्या हातात दिले. आम्हीही त्यांची साडी आणि अंगठी परत पाठवावी, असा त्याचा अर्थ होता.

प्रभाकरराव संध्याकाळी आमच्याकडे आला. कपड्यांची पिशवी दिवाणावर ठेवली. मोहिनी शिकवणीत होती, बाहेरून तिचा आवाज येत होता. तो हळू बोलला.

"भाऊजी, दोन दिवस थांबाचं होतं. आदेशनंच मले फोन केलता. त्यानं मायले मनवलं होतं, पेरणी झाल्यावर जूनच्या शेवटी करू म्हणून. अण्णाजीबी आले असते वळणावर. मी फक्त जाऊन चार शब्द बोलाचे होते, म्हणजे त्यांचा मान राह्यला असता."

मी विचारलं, मले काऊन नाही सांगितलं. तो म्हणाला, फोनवर सांगायची गोष्ट नव्हती, आल्यावर सांगणार होतो. आणि तुम्ही असे जासाल हे मले सपनातबी वाटलं नाही, भाऊजी. तुम्ही कुठं जाता.

हे तो टोमणा म्हणून बोलला नाही. तो खरंच तसं समजत होता. सगळेच तसं समजत होते. मला आयुष्यभर हळू म्हणून ओळखणाऱ्या माणसांमध्ये मी एकदाच घाई केली.

मोहिनीला सगळं मीच सांगितलं. ती रडेल, ओरडेल, असं मी धरलं होतं. मला ते चाललं असतं. ती दिवाणावर पिशवीजवळ बसली, आणि पिशवीच्या बंदाला पडलेली गाठ सोडवत राहिली. गाठ सुटल्यावर तिनं पुन्हा मारली.

"तुम्ही माझ्यासाठीच गेले," ती म्हणाली. मग पेपरच्या अभ्यासाला बसली.

आदेशनं तिला फोन केले. पहिले काही तिनं घेतले, मागच्या अंगणात उभं राहून. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मग फोन यायचे थांबले. प्रभाकररावकडून कळलं की विमलाबाईनं त्याला शपथ घातली आहे. मी अण्णाजींकडे पुन्हा जायला तयार होतो, प्रभाकररावला घेऊन, पेढे घेऊन, माफी मागायला. प्रभाकरराव म्हणाला, आता नको. आता गेलो तर आणखी बोभाटा होईल. थोडं थंड होऊ द्या. मी विचारलं, किती. तो म्हणाला, ते सांगता येते का.

तिचे पेपर झाले. लग्नाच्या तारखेला ती सकाळी बसनं सेंटरला गेली. दुपारी आली, जेवली, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरचं वाचत बसली. यशोदाबाई त्या दिवशी आमच्याकडे आली होती, का आली ते तिलाही सांगता आलं नाही. ती मोहिनीच्या डोक्याला तेल लावून गेली.

श्रावणात कोकिळाचं वर्षश्राद्ध झालं. पंगती उठल्यावर अंगणात भांडी घासणं चालू होतं, आणि यशोदाबाई पुन्हा माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, आता तीन वर्षं. मी हो म्हटलं. मोहिनी चहाचे कप गोळा करत तिथून गेली. तिनं ऐकलं.

"चला," ती म्हणाली, "आता कोणालेच घाई नाई."

ती हसून म्हणाली. यशोदाबाईनं तोंडाला पदर लावला.

आता घरात वेळ भरपूर आहे. सकाळी मी दूध तापवतो, मोहिनी भाजी चिरते. एका खाजगी शाळेत तिला लागायचं आहे, अर्ज निकालासाठी थांबला होता. बाजाराला निघताना ती फाटकात उभी राहते आणि मी कुलूप शोधतो. ती काही म्हणत नाही. कधी कधी वाटतं हिनं म्हणावं, आईसारखं. मी कुलूप लवकर शोधायचा प्रयत्न करतो, आणि मग ते सापडत नाही.

कोकिळा असती तर तिनं काय केलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला. त्या सकाळी मला वाटलं होतं की ती थांबली नसती. पण ती पेपर तपासून होईपर्यंत तापात थांबणारी बाई होती. तिला घाईचे इतके शब्द येत होते, त्यातला प्रत्येक कुठं लागतो ते येत होतं. मी तिच्याजवळून फक्त लवकर निघायचं तेवढं घेतलं. खाली दुसरा माणूस उभा पाहिजे, हे तर मला तिच्याकडून शिकायचंही नव्हतं. ते माझंच होतं.

काल निकाल लागला. मोहिनी पहिल्या वर्गात पास झाली. प्रभाकरराव पेढे घेऊन आला, रीता सायकलीवर येऊन चार पेढे खाऊन गेली. दिवेलागणीला मी आत दूध तापवत होतो आणि मोहिनीचा फोन वाजला. तिनं नाव बघितलं, आणि मागच्या अंगणात न जाता ओसरीवर गेली. खिडकी उघडीच होती. ती म्हणाली, "हो, लागला." मग म्हणाली, "तुम्हाले कोणी सांगितलं?" मग बराच वेळ नुसती ऐकत होती. आदेशच होता. त्याचं लग्न अजून कुठं जमलेलं नाही हे मला माहीत आहे. त्याची आई मुली बघते आहे हेही माहीत आहे.

माझी खुर्ची खिडकीशी होती. मी तिकडे गेलो नाही. दूध वर आलं, ते उतरवलं, आणि झाकण हातात घेऊन ओट्याजवळच उभा राहिलो. ती आत आली तेव्हा दुधावर साय धरली होती. तिनं मला बघितलं, मी तिला काही विचारलं नाही. ती म्हणाली, बाबा, झाकण ठेवा ना. मी ठेवलं.